नोंद वाढली म्हणजे टीबी वाढला?

"टीबी वाढतच चाललाय, आकडे बघा ना!" नागपूरच्या इतवारीतल्या चहाच्या टपरीवर हे मी वर्षानुवर्षं ऐकतोय. हा समज चुकीचा आहे, आणि त्यानं नुकसान होतं.

2015 साली देशात सुमारे 16 लाख रुग्णांची नोंद झाली, 2023 मध्ये सुमारे 25.5 लाख. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार याच काळात दर लाख लोकांमागे नवे रुग्ण 237 वरून 195 वर आले. मग नोंद का वाढली? कारण 2012 पासून खासगी डॉक्टरांनाही रुग्ण कळवणं बंधनकारक झालं. आधीही ते रुग्ण होतेच, मोजले जात नव्हते.

खरा भार कळतो तो घरोघरी जाऊन. 2019–21 च्या राष्ट्रीय पाहणीत लोकांचा छातीचा एक्स-रे काढला, संशय आला तर डबीत थुंकी घेतली. एक्स-रे नसता तर सापडलेल्यांपैकी जवळजवळ 43 टक्के निसटले असते! लक्षणं असलेल्यांपैकी 64 टक्के लोक दवाखान्यात गेलेच नव्हते. "उन्हाळ्याचा कोरडा खोकला आहे" म्हणून महाल भागातली आमची शेजारीण काकूही अशीच दोन महिने घरी बसली होती.