एम-प्रोटीन आणि मज्जातंतूंचे आजार : संशयापासून पुराव्यापर्यंत

पायांच्या बोटांत मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, अंधारात चालताना तोल जातो. साठीपुढच्या माणसाने ही तक्रार सांगितली की आधी शुगर बघतात, मग बी-१२. दोन्ही ठीक निघालं की न्यूरॉलॉजिस्ट सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रथिनं विजेने वेगळी करून बघणारी चाचणी, लिहून देतात. त्या आलेखात एखादा अरुंद, टोकदार सुळका दिसला, तर पेशींच्या एकाच कुळाने एकाच साच्याची अँटिबॉडी भरमसाट बनवायला घेतली आहे असं समजायचं. या अँटिबॉडीलाच एम-प्रोटीन म्हणतात.

या चाचणीचं मूळ स्वीडनमधल्या उप्सालात आहे. तिथे आर्ने टिसेलियस यांनी १९३७ मध्ये विजेच्या साहाय्याने रक्तद्रवातली प्रथिनं वेगळी करून दाखवली. त्यांना १९४८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच गावात यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९४४ मध्ये दोन रुग्णांची नोंद केली. नाकातोंडातून रक्तस्राव, रक्तक्षय, सुजलेल्या लसिकाग्रंथी आणि दाट झालेला रक्तद्रव. त्यात सापडलेलं प्रथिन अवाढव्य होतं, रेणुभार सुमारे दहा लाख. आज आपण त्याला आयजीएम म्हणतो, अँटिबॉडींचा हा एक मोठ्या आकाराचा प्रकार.

असं प्रथिन आणि हातापायांचा बधिरपणा एकाच माणसात आढळू लागले, तरी एकामुळे दुसरं होतं असं छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काइल यांनी १९७८ मध्ये कर्करोग नसतानाही दिसणाऱ्या एम-प्रोटीनला 'एमजीयूएस' (नेमकं महत्त्व न ठरलेलं एम-प्रोटीन) हे नाव दिलं. पुढे त्यांच्याच पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांत ते आढळलं. म्हणजे निव्वळ योगायोगालाही भरपूर वाव. रिपोर्टमधला सुळका बघून लगेच घाबरू नये, ते याचसाठी.

खरं वळण १९८० चं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात नॉर्मन लॅटोव्ह आणि सहकाऱ्यांना एका रुग्णाची आयजीएम थेट मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टनाला चिकटताना दिसली. तिचं लक्ष्य निघालं मायलिनमधलं 'मॅग' हे प्रथिन, नेमकं सांगायचं तर त्यावरची शर्करेची साखळी. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मायलिनचे एरवी घट्ट बसलेले थर फाकलेले दिसतात. १९९३ मध्ये रुग्णांची आयजीएम कोंबडीच्या पिल्लांना टोचली, तर त्यांचंही मायलिन झडलं. इथे संशयाचा पुरावा झाला.

पुण्यात २०२५ च्या सुरुवातीला गाजलेल्या जीबीएसमध्ये (गिलां-बारे सिंड्रोम, नसांवर प्रतिकारशक्तीच हल्ला करते तो आजार) बहुधा संसर्गानंतर काही दिवसांत हातपाय गळतात. मॅगवर हल्ला करणाऱ्या आयजीएमच्या या आजारात मात्र सगळं वर्षानुवर्षं, संथपणे चालतं.

'पोएम्स' या नसांसह अनेक अवयवांना ग्रासणाऱ्या दुर्मिळ आजारात मात्र एम-प्रोटीन असूनही ते नसांवर हल्ला करतं असं सिद्ध झालेलं नाही. तिथे व्हीईजीएफ नावाचं, रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना देणारं प्रथिन बेसुमार वाढलेलं असतं.

उपचारांची बाजू अजून लंगडी आहे. रिटुक्सिमॅब हे औषध अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या मूळच्या बी-पेशी कमी करतं, पण अँटि-मॅग (मॅगविरोधी अँटिबॉडी असलेल्या) रुग्णांवरच्या २०१३ च्या फ्रेंच-स्विस चाचणीत मुख्य निकषावर ते उतरलं नाही. काहींना चांगला गुण येतो, काहींना अजिबात नाही. म्हणून त्रास सौम्य असेल तर अनेक डॉक्टर औषध न देता नुसतं लक्ष ठेवतात.