बटण दाबलं तरी मॅगझिन सुटत का नाही : पिस्तुलाच्या मुठीतला जुना इतिहास

विदर्भाच्या खेड्यापाड्यात पिस्तूल दोनच ठिकाणी सापडतं. एक पोलीस अधिकाऱ्याच्या कमरेला आणि दुसरं परवानाधारकाच्या कपाटात. हा परवानाधारक कुठे जुन्या मालगुजाराचा वारस असतो, कुठे तेंदूपत्त्याचा ठेकेदार, कुठे फौजेतून निवृत्त होऊन शेतीत परतलेला माणूस. तक्रार मात्र सगळ्यांची एकच ऐकू येते. बटण दाबलं, टक् आवाज झाला, मॅगझिन (काडतुसांची पेटी) दोन-तीन मिलिमीटर खाली सरकलं आणि तिथेच थांबलं. आता नखानं ओढा. मग कोणी तेल सोडतो, कोणी थेट कानस हातात घेतो. कानस घेण्याआधी एक गोष्ट कळायलाच हवी. मॅगझिन आपोआप पडावं की हातानं काढावं, हे प्रत्येक पिस्तुलाच्या घराण्यात फार पूर्वीच ठरून गेलं आहे. काही पिस्तुलांत ते अडकतं तो दोष नसून मूळ रचनाच तशी असते.

मुठीत बसणारं, काढता येणारं मॅगझिन प्रथम ह्यूगो बोर्शार्टच्या १८९३ च्या पिस्तुलात आलं. तीनच वर्षांनी आलेल्या माउझर सी-९६ मध्ये मॅगझिन खटक्याच्या (गोळी सोडणाऱ्या चापाच्या) पुढे, पिस्तुलालाच कायम जोडलेलं होतं. त्यात काडतुसं वरून पट्टीनं भरायची, त्यामुळे अडकण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे मुठीतलं मॅगझिनच टिकलं आणि त्याला धरून ठेवायचं कसं, यावर दोन पंथ पडले.

युरोपातल्या बहुतेक जुन्या पिस्तुलांत मुठीच्या तळाशी, टाचेजवळ एक आकडा असे. एका हाताच्या अंगठ्यानं तो मागे ढकलायचा आणि दुसऱ्या हातानं मॅगझिन ओढून काढायचं. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन शस्त्ररचनाकाराची बेल्जियममध्ये एफएन कारखान्यात बनलेली १९०० आणि १९१० ची पिस्तुलं याच पंथातली. मॅगझिन ही मोजून मिळणारी वस्तू होती, ती चिखलात पडून हरवू नये हा त्यामागचा हिशेब. जर्मनांचं १९३८ चं वॉल्थर पी-३८ सुद्धा टाचेच्याच आकड्यावर राहिलं.

दुसरा पंथ बटणाचा. जर्मन ल्युगरला ते होतंच, पण बटण खरं रुजवलं ते अमेरिकन सैन्यानं १९११ साली स्वीकारलेल्या कोल्ट पिस्तुलानं. खटक्याच्या कमानीमागचं बटण दाबलं की रिकामं मॅगझिन स्वतःच्या वजनानं पडतं आणि दुसरा हात तोवर नवं मॅगझिन घेऊन तयार असतो. तरीही हरवण्याची धास्ती तिथेही होती. सुरुवातीच्या मॅगझिनांच्या तळाला दोरी बांधायला कडी होती, कारण घोड्यावर बसलेल्या स्वारानं टाकलेलं मॅगझिन परत कुठे शोधायचं?

आपल्या घरांतली परवान्याची पिस्तुलं प्रामुख्यानं .३२ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचं माप). ९ मिलिमीटर हा बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे, म्हणून .३२ जास्त चालतो. हे काडतूसही ब्राउनिंगच्या त्याच पहिल्या पिस्तुलाबरोबर आलेलं. स्वातंत्र्याआधी आयात झालेलं एखादं जुनं बेल्जियन पिस्तूल वारशानं आलं असेल आणि त्याला टाचेचा आकडा असेल, तर मॅगझिन धपकन पडण्याची अपेक्षाच चुकीची आहे. तो आकडा पूर्ण मागे दाबून धरायचा आणि मॅगझिनच्या तळाचा पुढचा ओठ पकडून ओढायचा. इतकं करून ते बाहेर येत असेल, तर पिस्तूल ठणठणीत आहे.

गुंता वाढवला तो मॅगझिन-सेफ्टीनं. मॅगझिन काढलं तरी नळीच्या मागे, चेंबरमध्ये एक राऊंड (काडतूस) राहू शकतो. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं समजून माणसं खटका ओढतात आणि अपघात होतात. त्यावर उपाय म्हणून मॅगझिन नसताना घोडाच सुटू नये अशी योजना काढली गेली. ब्राउनिंगच्या १९१० च्या पिस्तुलात ती होती. पुढे फ्रेंच सैन्यानं नव्या पिस्तुलासाठी ज्या अटी घातल्या, त्यांत मॅगझिन-सेफ्टी आणि किमान १० राऊंड या दोन होत्या. त्या अटींवर ब्राउनिंगनं काम सुरू केलं, पण १९२६ च्या नोव्हेंबरात बेल्जियममध्ये लिएज इथे कारखान्यातच त्याचं निधन झालं. एफएनमधल्याच दिउदोने सैव्हनं ते काम पूर्ण केलं आणि १९३५ साली १३ राऊंडांचं हाय-पॉवर आलं.

या पिस्तुलाचा आपल्याशी थेट संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या टोरांटोच्या इंग्लिस कारखान्यानं ते १९४४ पासून बनवलं आणि त्याच धर्तीवर आपल्याकडे पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत ‘पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए’ तयार झालं. फौजेत आणि पोलिसांत वर्षानुवर्षं हेच चाललं.

हाय-पॉवरची मॅगझिन-सेफ्टी म्हणजे खटक्याशी जोडलेला, स्प्रिंगनं मागे, मॅगझिनकडे रेटलेला एक छोटा तुकडा. मॅगझिन आत असलं की तो त्याच्या पुढच्या भिंतीवर दाबून बसतो आणि त्या दाबानंच खटका कामाला लागतो. बटण दाबून पकड सुटली तरी हा तुकडा मॅगझिनला घासतच राहतो. रिकाम्या मॅगझिनचं वजन त्या घासण्यापुढे कमी पडतं आणि ते अर्ध्यावर अडतं. पुढे काही मॅगझिनांच्या तळाला उंदराच्या पिंजऱ्यासारखी स्प्रिंग लावली गेली. बटण दाबताच ती मॅगझिनला खाली लाथ मारते. जगभर याचा आणखी एक इलाज चालतो, तो म्हणजे ती सेफ्टीच काढून टाकायची. माझं मत स्पष्ट आहे: घरात लेकरंबाळं असताना, चेंबरमधल्या राऊंडपासून वाचवणारी वस्तू मॅगझिन झटकन पडावं म्हणून काढणं हा फार महाग सौदा आहे. अशा पिस्तुलात पाहायची गोष्ट दुसरीच. मॅगझिनची पुढची भिंत गुळगुळीत आहे का? तिथे ओरखडा, गंज किंवा चिकट थर असेल तर घर्षण वाढतं. ती भिंत कोरड्या कापडानं घासून चकचकीत ठेवली, की निम्मी तक्रार तिथेच मिटते.

१९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्यानं ग्लॉक हे पिस्तूल निवडलं आणि अडकण्याचं नवंच कारण जन्माला आलं. मॅगझिन प्लॅस्टिकचं, आत पोलादी अस्तर. पण सुरुवातीच्या मॅगझिनांत अस्तर चारी बाजूंनी नव्हतं. १७ राऊंड भरले की उघडी बाजू किंचित फुगे आणि मॅगझिन मुठीच्या भिंतीला टेके. रिकामं केलं की परत सैल. नंतर कारखान्यानं पूर्ण अस्तराची, मोकळी पडणारी मॅगझिनं काढली. म्हणून भरलेलं अडकतं आणि रिकामं पडतं, असं दिसलं तर संशय मॅगझिनच्या शरीरावर घ्यावा, बटणावर नाही. दुपदरी, म्हणजे राऊंड दोन रांगांत बसणाऱ्या कुठल्याही मॅगझिनला हे लागू आहे, पत्र्याच्या सुद्धा. पत्रा एकदा पोटाशी फुगला किंवा वरचे, काडतूस धरून ठेवणारे ओठ फाकले, की ते भिंतीला लागतं. फरशीवर पडलेल्या मॅगझिनाचे ओठ म्हणूनच आधी तपासायचे.

ही झाली बाहेरून आलेली कारणं. आपल्या भागानं त्यात स्वतःची भर घातली आहे. काळ्या मातीची धूळ फार बारीक. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की पिस्तुलात ओतलेलं जादा तेल पातळ होऊन सगळीकडे पसरतं आणि ही धूळ धरून ठेवतं. पावसाळ्यापर्यंत मुठीच्या आत काळा लेप तयार होतो. बटणाच्या स्प्रिंगखाली तो बसला, तर बटण पूर्ण आत जातच नाही आणि बटणाला जोडलेला आकडा मॅगझिनच्या खाचेतून अर्धाच सुटतो. पूर्वेकडे, भामरागडसारख्या पर्लकोटा-इंद्रावतीच्या पुरांच्या मुलखात, हवेतला ओलावाच इतका की पत्र्याच्या मॅगझिनवर गंज चढायला वेळ लागत नाही.

दसऱ्याचंही सांगायला हवं. शस्त्रपूजन ठाण्यात होतं, घरी होतं, आणि ते व्हावंच. पण मुठीत हळद-कुंकू, अक्षता आणि तेल उतरलं की त्याचा घट्ट लगदा होतो. पूजा झाल्यावर पिस्तूल तसंच कपाटात गेलं, तर पुढच्या वर्षी मॅगझिन निघत नाही. निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार ठाण्यात जमा होतं, तेव्हाही तेच. आठवडे न् आठवडे बंद राहिलेल्या पिस्तुलात जुनं तेल गोंदासारखं घट्ट होतं.

मुठीच्या पट्ट्या हा आणखी एक चोर. मूळ पट्टी तडकली म्हणून गावातल्या सुतारानं सागवानाची देखणी पट्टी करून दिलेली असते. स्क्रू मात्र मूळपेक्षा सुताभर लांब लागला, तर त्याचं टोक आत निघतं आणि मॅगझिनच्या अंगावर उभी रेघ ओढतं. अशी रेघ दिसली की कारण सापडलंच म्हणून समजा.

शोध घेण्याचा क्रम या इतिहासातूनच येतो. आधी मॅगझिन काढायचं, स्लाईड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटानं पाहायचं, राऊंड त्या खोलीतूनच बाहेर न्यायचे. मग पिस्तूल टाचेच्या पंथातलं की बटणाच्या, मॅगझिन-सेफ्टी आहे की नाही, हे ठरवायचं. एकच मॅगझिन अडकत असेल तर दोष मॅगझिनात, सगळीच अडकत असतील तर मुठीत किंवा आकड्यात. मॅगझिन बाहेर काढून बटण दाबायचं, आकडा पूर्ण मागे सरतो का ते पाहायचं. सफाई कोरडी करायची आणि शेवटी तेलाचा हात पुसट फिरवायचा. मॅगझिनच्या आत तेल सोडायचं नाही, ते काडतुसापर्यंत पोचतं.

यापुढचं काम घरचं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे हत्यार बनवण्या-विकण्याइतकंच ते दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो. तालुक्याच्या लेथवाल्याकडे किंवा लोहाराकडे पिस्तूल नेलं, तर त्याच्यावरही गुन्हा ओढवतो. फाकलेले ओठ पक्कडनं दाबणं, खाच कानसणं, आकडा बदलणं हे परवानाधारक विक्रेत्याकडच्या कारागिराचं काम. ठाण्यातल्या हत्याराचं पोलिसांच्या आर्मोररचं, म्हणजे शस्त्र-दुरुस्ती करणाऱ्याचं. त्याच्याकडे जाताना प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक घालून न्यावा. ल्युगरच्या काळी जर्मन कारखाने मॅगझिनवर पिस्तुलाचा नंबर ठोकत आणि जोडीतल्या दुसऱ्याला वेगळी खूण करत. कोणतं मॅगझिन अडकतं, भरलेलं की रिकामं, एवढं कागदावर लिहून दिलं तरी कारागिराचं निम्मं काम होतं.