नागपूरचा मे महिना आणि ‘प्रचंड’च्या पात्या

२८ मार्च २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी १५६ ‘प्रचंड’ लढाऊ हेलिकॉप्टरांचा करार केला. रक्कम ६२,७०० कोटी रुपये. ९० हेलिकॉप्टरं लष्कराला, ६६ हवाई दलाला. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या फुटाळा तलावावर फिरताना शेजारच्या काकांनी मला अडवलं. “अमेरिकेचं अपाची घेतलंच न आपण? ते दहा टनाचं. मंग हे सहा टनाचं कायले?”

प्रश्न रास्त होता, कारण वाहिन्यांवर दोन्ही यंत्रांची तुलना क्षेपणास्त्रं मोजून चालली होती. तोफ, रॉकेटं, क्षेपणास्त्रं यांची बेरीज केली की कुठलं हेलिकॉप्टर भारी ते ठरलं, असा सगळा सूर. ज्या हवेत ते उडणार त्या हवेबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. मला तर हेलिकॉप्टरची सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते असं वाटतं.

आधी एक गैरसमज. पात्यांचा वारा जमिनीवर आदळतो आणि त्या धक्क्याने हेलिकॉप्टर उचललं जातं, असं पुष्कळांना वाटतं. जमिनीलगत थोडी मदत मिळते हे खरं, पण चार हजार मीटरवर खाली आदळायला काही नसतं. घरी करून पाहा. बॅटरीवरचा छोटा पंखा स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर, वारा वरच्या दिशेला जाईल असा ठेवा. सुरू केला की काट्यावर वजन वाढतं. हवा वर फेकली म्हणून पंखा खाली दाबला गेला. हेलिकॉप्टर याच्या उलट करतं: हवा खाली फेकतं आणि स्वतः वर ढकललं जातं. न्यूटनचा तिसरा नियम, आठवी-नववीतला.

आता नागपूरकडे या. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर. डिसेंबरच्या पहाटे पारा १२ अंशांवर असताना इथल्या एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो भरतं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४६ला टेकला की तेच १.०५ ते १.०७ किलोवर येतं. म्हणजे ऐन दुपारी धरमपेठेत उभे असता तेव्हा तुमच्याभोवतीची हवा हिवाळ्यातल्या चिखलदऱ्याच्या हवेपेक्षाही विरळ असते, आणि चिखलदरा तर अकराशे मीटर उंचावर आहे! वैमानिक याला ‘घनता-उंची’ म्हणतात. नकाशावर नागपूर ३१० मीटरवर. मे महिन्यात पात्यांच्या हिशेबाने चौदाशे-पंधराशे मीटरवर.

यानं नेमकं काय बिघडतं? ‘प्रचंड’चं कमाल वजन ५,८०० किलो. हवेत स्थिर राहायचं तर दर सेकंदाला तेवढ्या वजनाला पुरेल इतका संवेग (वस्तुमान गुणिले वेग) हवेला खाली द्यावा लागतो. हवा विरळ झाली की पात्यांतून जाणाऱ्या हवेचं वस्तुमान घटतं, म्हणून तीच हवा जास्त वेगाने फेकावी लागते. वेग वाढवणं महाग पडतं: संवेग वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या. सगळा हिशेब मांडला तर तरंगायला लागणारी शक्ती घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात निघते. सुमारे ४,७०० मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या ६२ टक्के उरते. ०.६२चं वर्गमूळ ०.७९, एकाला त्याने भागा, १.२७ येतं. तेच वजन उचलायला सव्वापटीहून जास्त शक्ती हवी. हा फक्त आदर्श पंख्याचा हिशेब. खऱ्या पात्यांचं हवेशी घर्षण वेगळंच.

आणि ही शक्ती देणारं टर्बाइन इंजिनही हवाच खातं. विरळ हवेत त्याचा घास लहान होतो, ताकद घटते. मागणी वाढते तेव्हाच पुरवठा आटतो.

मग पात्या जोरात का फिरवू नयेत? पात्याचं टोक आधीच सेकंदाला दोनशे मीटरहून जास्त वेगाने जात असतं. त्यात हेलिकॉप्टरचा पुढे जाण्याचा वेग मिळवला की पुढे येणारं पातं ध्वनीच्या वेगाजवळ पोचतं, तिथे धक्कालहरी उठतात आणि रोध एकदम वाढतो. त्यात उंचावरच्या थंड हवेत ध्वनीचा वेगही कमी: इथे पावसाळ्यात सेकंदाला सुमारे ३५० मीटर, उणे २० अंशांत ३१९. राहता राहिला पात्याचा कोन वाढवण्याचा मार्ग. तोही एका हद्दीपर्यंतच. पुढे हवा पात्याच्या पाठीवरून सुटते आणि उचल कोसळते.

१९९९च्या कारगिल युद्धात हेच झालं. आपल्याकडची रशियन बनावटीची लढाऊ हेलिकॉप्टरं त्या उंचीवर कामाची ठरली नाहीत. वाहतुकीच्या एमआय-१७वर रॉकेटं लावून काम भागवावं लागलं. २८ मे रोजी तोलोलिंगजवळ त्यातलं एक पाडलं गेलं, चार जण गेले. ‘प्रचंड’ची गरज तिथे जन्मली. २९ मार्च २०१०ला ते पहिल्यांदा उडालं आणि २०१५मध्ये सियाचीनमध्ये सुमारे ४,७०० मीटरवर उतरलं. काकांना मी एवढंच सांगितलं.

हेच हेलिकॉप्टर परदेशी विकायचं म्हटलं तर दोन अडचणी आहेत. पहिली विश्वासाची. इक्वेडोरने हिंदुस्थान एरोनॉटिक्सचीच सात ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरं घेतली होती. चार अपघातांनंतर २०१५मध्ये करार मोडला. जानेवारी २०२५मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं ‘ध्रुव’ कोसळलं, तिघांचा जीव गेला. प्राथमिक तपासात पात्यांचा कोन बदलणाऱ्या स्वॉशप्लेटला तडा गेल्याचं आढळलं. अशा वेळी ‘नजर लागली’ म्हणणारे भेटतात तेव्हा मला राग येतो. लिंबू-मिरची बांधून धातूतला तडा थांबत नाही. तो अल्ट्रासाउंड लावून, भाग उघडून शोधावा लागतो. हवाई दलाच्या देखभाल विभागाचं मुख्यालय इथे, आपल्या वायुसेनानगरात आहे. या कामाचं मोल या शहराला कळायला हवं.

दुसरी अडचण इंजिनाची. तुर्कीने २०१८मध्ये पाकिस्तानला ३० ‘अताक’ लढाऊ हेलिकॉप्टरं विकायचं ठरवलं. त्याच्या इंजिनात अमेरिकी कंपनीचा हात, अमेरिकेने परवाना दिला नाही, व्यवहार बुडाला. ‘प्रचंड’चं ‘शक्ती’ इंजिन फ्रेंच कंपनीसोबत विकसित झालं, म्हणून हा धडा आपल्यालाही लागू आहे.

येत्या मे महिन्यात सोनेगाव विमानतळाकडे एखादं चाकांचं, जड भरलेलं हेलिकॉप्टर उठताना दिसलं तर नीट पाहा. ते सरळ वर न जाता धावपट्टीवर थोडं पुढे पळून मग उचलेल. पुढे सरकताना पात्यांना दर क्षणी न ढवळलेली, नवी हवा मिळते आणि तेवढ्याच शक्तीत जास्त उचल होते. डिसेंबरमध्ये तेच हेलिकॉप्टर तेवढ्याच वजनासह कदाचित जागच्या जागी उठेल.