पुदिना : परसबागेतील लागवड व वापर

पुदिना ही तुळशीच्या कुळातील बहुवर्षायू, सुवासिक वनस्पती आहे. खोड चौकोनी, पाने समोरासमोर आणि कडा दातेरी असतात. मंडईत जुडीने मिळणारा पुदिना बहुधा ‘मेंथा स्पायकाटा’ या जातीचा असतो. त्याचा वास कार्व्होन या द्रव्यामुळे येतो. औषधी मालाच्या दुकानात मिळणारे ‘पुदिन्याचे फूल’ हे खरे फूल नव्हे. ते मेंथॉलचे स्फटिक असून मुख्यतः जपानी पुदिन्यापासून काढतात. अमृतधारेत कापूर आणि ओव्याच्या फुलाबरोबर (तेही फूल नव्हे, थायमॉलचे स्फटिक) तेच घालतात. कुंडीतल्या साध्या पुदिन्यात मेंथॉल नावापुरतेच असते, त्यामुळे घरचा पुदिना स्वयंपाकासाठीच लावावा.

पुदिन्याचे बळ आणि उपद्रव दोन्ही त्याच्या आडव्या खोडात आहेत. हे खोड जमिनीलगत किंवा मातीखालून सरकते आणि प्रत्येक पेराला मुळे धरून नवा कोंब काढते. म्हणूनच बी पेरण्यात अर्थ नाही. बियांची रोपे मूळ झाडासारखी निघतीलच असे नाही, आणि जुडीतली काडी सहज जगते. जून पण लाकडी न झालेली, १० ते १२ सेंमी लांबीची काडी निवडावी. वरची चार-सहा पाने ठेवून बाकीची खुडावीत आणि खालची दोन पेरे पाण्यात बुडतील अशी काडी पेल्यात उभी करावी. पाणी दर दोन दिवसांनी बदलावे. पाने पाण्यात राहिली तर ती कुजतात आणि काडीही सडते. साधारण आठवडा-दहा दिवसांत पेराशी पांढरे फुगीर ठिपके दिसतात व त्यांतून मुळे सुटतात. मुळे बोटाच्या पेराएवढी झाली की काडी मातीत लावावी. पाण्यात फार दिवस ठेवलेली काडी मातीत गेल्यावर मान टाकते.

कुंडी खोल नको, पसरट हवी : १२ इंच रुंद, ८ इंच खोल पुरते. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग कोकोपीट किंवा जाड वाळू घ्यावी. अशा कुंडीत चार काड्या लावाव्यात. सकाळचे चार-पाच तास ऊन पुरे. एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली लागते. माती ओलसर असावी, चिखल नसावा. पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली घ्यावी, नाहीतर बुडखा काळा पडून कुजतो. न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ जोमाने वाढतात, पुदिनाही वाढेल. पण त्याची पाने कच्ची खाल्ली जातात, म्हणून त्याला साबणाचे पाणी घालू नये.

वाफ्यात मोकळा लावलेला पुदिना शेजारची कोथिंबीर-मेथी दाबून टाकतो. जमिनीतच लावायचा असेल तर तळ कापलेली, निदान ३० सेंमी उंचीची बादली मातीत पुरावी आणि तिची कड तीन-चार सेंमी वर ठेवावी. कडेवरून बाहेर झुकणारे धावरे, म्हणजे आडवी खोडे, दर आठवड्याला छाटावेत. मातीवर ठेवलेल्या कुंडीच्या भोकातूनही खोड खाली उतरते, म्हणून कुंडी विटांवर ठेवावी. पसरलेला पुदिना खुरप्याने तोडून निघत नाही; मागे राहिलेला प्रत्येक तुकडा पुन्हा फुटतो. माती भिजवून काटेफावड्याने खोडे अखंड ओढावीत आणि उन्हात कडकडीत वाळवल्याशिवाय खतखड्ड्यात टाकू नयेत.

वर्षभरात कुंडी मुळांनी गच्च होते. मधला भाग लाकडी, बोडका होतो आणि हिरवळ फक्त कडेला उरते. खत वाढवून हे सुधारत नाही. गड्डा काढून कडेचे ताजे तुकडे नव्या मातीत लावावेत.

पानाच्या मागे नारिंगी ठिपके दिसले आणि बोट फिरवल्यावर भुकटी लागली, तर तो तांबेरा. रोगट फांद्या जमिनीलगत कापून कचऱ्यात द्याव्यात. रोग खोडातही टिकतो, म्हणून तो पुन्हा आला तर निरोगी काडीपासून नव्या मातीत सुरुवात करावी. बारीक जाळी आणि फिकट ठिपके ही लाल कोळी या किडीची खूण. पानांच्या मागच्या बाजूवर सलग काही दिवस पाण्याचा जोरदार फवारा मारावा.

काडी २० सेंमीची झाली की तळाची दोन-तीन पेरे राखून छाटावी. प्रत्येक पेरातून दोन फांद्या फुटतात. नुसती पाने ओरबाडली तर उंच, विरळ काड्या उरतात. तुरे दिसताच छाटावेत, कारण फुलोऱ्यानंतर पाने लहान व राठ होतात.

चटणीला दोन वाट्या कोथिंबिरीस एक वाटी पुदिन्याची पाने पुरतात. पुदिना वाढला, विशेषतः देठांसह, की कडवटपणा येतो. चिरडलेले पान हवेशी संयोग पावून काळे पडते आणि मिक्सरची उष्णता त्यात भर घालते. म्हणून लिंबू आधीच पिळावे, बर्फाचे दोन खडे घालावेत आणि थांबत थांबत वाटावे. मठ्ठ्यात मात्र पाने हाताने चुरडून ऐनवेळी घातलेली बरी. जास्तीचा पुदिना सावलीत, कुरकुरीत होईपर्यंत वाळवावा. उन्हात वाळवल्यास रंग जातो आणि वासही. अख्खी पाने घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवून लागेल तेव्हाच चुरावीत.