निंबोळी अर्काने अळी मरत नाही, म्हणजे तो थोतांड?

‘काल फवारलं, आज अळ्या जिवंतच!’ ही तक्रार पारावर वर्षानुवर्षं ऐकू येते. पण निंबोळी अर्क हे तडकाफडकी मारणारं विष नाहीच. त्यातलं अझाडिरॅक्टिन अळीची भूक मारतं, कात टाकण्याची क्रिया बिघडवतं. अळी पानावर दिसते, पण खात नाही. पुढे वाढ खुंटून मरते. म्हणून मेलेल्या अळ्या मोजू नका, पानांवरची नवी भोकं बघा. मोठ्या अळ्यांवर मात्र त्याचा जोर कमीच, हे मान्य.

५ टक्के अर्कासाठी ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, गाळायची आणि त्यात पाणी घालून एकूण १०० लिटर करायचं. पानाला चिकटायला २०० ग्रॅम साबणचुरा. ताजाच वापरायचा, आणि फवारणी संध्याकाळी. उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर निकामी होतं. भर दुपारी फवारून कडुनिंबाला शिव्या देणारे काही कमी नाहीत.