झिलई गेलेली कॅप

“डॉक्टर, जरा उंच लागतंय.” कोल्हापूरच्या राजारामपुरीत दातांच्या कुठल्याही दवाखान्यात दातावर चिनी मातीची कॅप, म्हणजे टोपण, बसवली की हे वाक्य ठरलेलं. निळा कागद चावायला देतात, डाग उमटेल तिथं हिऱ्याच्या बरनं, म्हणजे हिऱ्याचे कण लावलेल्या फिरत्या टोकानं, घासतात आणि पेशंट पांढरा रस्सा ओरपायला मोकळा. त्या अर्ध्या मिनिटात घासल्या जागेची झिलई मात्र निघून गेलेली असते, आणि तिथंच जंतूंना थारा मिळतो.

गंमत म्हणजे चिनी मातीचे दात आले तेच दुर्गंधीपायी. पॅरिसजवळचा औषधविक्रेता अलेक्सी द्युशातो याची हस्तिदंती कवळी औषधं चाखून चाखून डागाळली, घाण मारू लागली. म्हणून १७७४ च्या सुमारास त्यानं चिनी मातीची करवून घेतली. हस्तिदंतात सगळं मुरतं, झिलईवर टिकत नाही, एवढं त्याला पुरेसं होतं. दातांवरच्या किटणातले वळवळणारे जीव डच लेवेनहुकनं सूक्ष्मदर्शकातून १६८३ मध्येच पाहिले होते. पण या दोन गोष्टींची सांगड तेव्हा कुणी घातली नाही.

पुढे १९०३ मध्ये दंतवैद्य चार्ल्स लँडची पोर्सिलेनची, म्हणजे चिनी मातीचीच, कॅप आली, साठच्या दशकात धातूवर पोर्सिलेन चढवणं जमलं. तरी झिलईकडे बघितलं जायचं ते चकाकीसाठी, फार तर समोरचा दात झिजू नये म्हणून.

जंतूंचा हिशेब लागला तो नव्वदच्या दशकात. बेल्जियममधल्या बोलेन, लांब्रेख्त्स आणि क्विरिनेन या दंतसंशोधकांनी १९९७ मध्ये तोवरचा अभ्यास एकत्र मांडला: सरासरी खरबरीतपणा ०.२ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर गेला की किटण वाढत जातं. त्याखाली कितीही गुळगुळीत केलं तरी विशेष फरक पडत नाही. दात किडवणारा जंतू साधारण अर्धा ते एक मायक्रॉनचा. बरच्या ओरखड्यात तो बसला की लाळ, जीभ, ब्रश कशाचाच धक्का त्याला लागत नाही. अर्थात खरबरीतपणा हे एकच कारण नव्हे. लाळेचा पातळ थर आणि पृष्ठभागाची ऊर्जा, म्हणजे चिकटवून घेण्याची त्याची ओढ, यांचाही त्यात हात असतो.

काचेचा अंश असलेल्या सिरॅमिकच्या कॅपची आतली, दाताला चिकटणारी बाजू मात्र हायड्रोफ्लोरिक ॲसिडनं मुद्दाम खरबरीत करतात, सिमेंट धरावं म्हणून.

हुपरीचा कारागीर चांदीला उजाळा देताना जाडकडून बारीककडे जातो, घासलेल्या कॅपचंही तेच. आधी पॉलिशचं जाड रबर, मग बारीक, शेवटी हिऱ्याची पेस्ट. घाई झाली की नेमकी शेवटची पायरी गळते. सिमेंट लावण्याआधी कॅप लॅबला पाठवून पुन्हा भट्टीत झिलई देता येते. एकदा चिकटवली की रबर आणि पेस्ट, एवढंच हाती उरतं.