विद्यापीठीय नेतृत्व आणि टीमबांधणी (बडोदे)

विद्यापीठातलं नेतृत्व म्हणजे कुलगुरू, डीन, हेड, एखाद्या प्रोजेक्टचे मुख्य संशोधक आणि पुष्कळदा कुठलंच पद नसलेले एखादे जुने प्राध्यापक यांनी शिकवणाऱ्या, संशोधन करणाऱ्या, ऑफिसातल्या आणि शिकणाऱ्या माणसांना एका कामाला लावणं आणि काम संपेपर्यंत त्यांना एकत्र धरून ठेवणं. कंपनीतल्या नेतृत्वापासून हे वेगळं काढतात त्याचं कारण सरळ आहे. कायम झालेल्या प्राध्यापकाला हेड काढू शकत नाही, त्याचा पगार वाढवू शकत नाही, त्याच्या विषयात त्याला चार गोष्टी शिकवूही शकत नाही, आणि हेडपद फिरतं असेल तर काही वर्षांनी आपणच याच्या हाताखाली असू हेही हेडला माहीत असतं. म्हणजे हुकमाचा उपयोग फार थोडा, जे काही होतं ते समजुतीनं, कामाच्या वाटपानं आणि कागदावर नीट नोंद ठेवल्यानं होतं. या नोंदीत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा (बोलताना नुसतं एमएस) अनुभव मुख्य धरलाय, कारण मराठी वाचकाला जवळचा आणि कागदोपत्री बऱ्यापैकी सापडणारा असा तो आहे.

सिद्धांत थोडक्यात. मॅनेजमेंटच्या वर्गात हमखास शिकवतात ते मानसशास्त्रज्ञ टकमन यांचे टप्पे (१९६५), म्हणजे टीम जमते, मग भांडते, मग नियम बसतात, मग काम सुरू होतं, आणि १९७७ मधे यात टीम विसर्जित होण्याचा पाचवा टप्पा घातला गेला. ही मांडणी छोट्या गटांवरच्या आधीच्या अभ्यासांवरून केलेली होती आणि त्यातले बरेचसे गट उपचारांसाठी जमवलेले होते, त्यामुळे विद्यापीठाच्या विभागाला ती जशीच्या तशी लावणं जरा ताणल्यासारखं होतं. विभाग कधी "जमत" नाही, तो आधीपासून असतोच, माणूस त्यात येतो आणि तिथली जुनी भांडणंही त्याला आयती मिळतात. विद्यापीठाला जास्त जवळचं वाटतं ते कोहेन आणि मार्च यांचं १९७४ चं निरीक्षण, की इथे उद्दिष्टं धूसर असतात, काम नेमकं कशानं होतं हे कुणालाच पक्कं सांगता येत नाही आणि मीटिंगला आज कोण येईल याचाही भरवसा नसतो. कार्ल वाइक यांनी १९७६ मधे शिक्षणसंस्थांचे भाग एकमेकांना सैल बांधलेले असतात असं मांडलं. एका विभागात गोंधळ झाला तरी शेजारचा विभाग ढासळत नाही हा त्याचा फायदा, पण एका विभागाची चांगली पद्धत दुसऱ्यात आपोआप पोचतही नाही, आणि बडोद्याचा इतिहास बघितला तर ही दुसरी बाजू जास्त ठळक दिसते.

मिळून काम करण्याची रीत बडोद्यात कुठून आली याबद्दल एकमत नाही. एक मत सगळं श्रेय बडोदा कॉलेजला देतं. कॉलेजची तारीख कुठे १८७९ तर कुठे १८८१ अशी मिळते, त्याचं कारण बहुधा इतकंच की कोनशिला जानेवारी १८७९ मधली आहे आणि प्रत्यक्ष शिकवणं १८८१ च्या सुमाराला सुरू झालं, शिवाय सयाजीराव तिसरे यांच्या हाती पूर्ण कारभार आला तोही १८८१ मधेच, म्हणून ते वर्ष लोकांच्या तोंडी बसलं. चिझम या इंग्रज वास्तुविशारदानं आराखडा केलेली ती घुमटाची इमारत आज आर्ट्स फॅकल्टीची ओळख आहे. अरविंद घोष इथेच इंग्रजी शिकवायचे आणि पुढे उपप्राचार्य झाले. पण कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं, अभ्यासक्रम तिकडून यायचा, परीक्षाही तिकडचीच, तेव्हा शिक्षकांनी मिळून ठरवायचं असं फारसं काही उरतच नव्हतं. प्राचार्य भला असेल तर कॉलेज चांगलं चाले, एवढंच नेतृत्व.

दुसरं मत कलाभवनकडे बोट दाखवतं. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी सयाजीरावांच्या पाठिंब्यानं १८९० मधे ते सुरू केलं आणि रंगकाम, विणकाम, यंत्रकाम असे विषय हातानं काम करत शिकवले, तेही शक्य तितकं देशी भाषेत. दादासाहेब फाळके याच काळात इथे शिकून गेले. वर्कशॉपमधे मास्तर आणि मुलं एकाच कामावर वाकलेली असतात, म्हणून टीमचं मूळ इथे शोधणं पटण्यासारखं आहे. तरी गज्जर साधारण १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईला निघून गेल्यावर संस्थेचा रोख बदलत गेला, आणि एका माणसावर उभ्या असलेल्या कामाचं तो गेल्यावर काय होतं याचंच हे उदाहरण जास्त वाटतं.

तिसरं मत १९४९ पासून मोजतं. स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना त्याच्या खूप आधीची. १९०८ च्या आसपास तिचा विचार झाल्याचे उल्लेख आहेत, मग परदेशातली विद्यापीठं बघायला माणसं पाठवली गेली, १९२७ च्या सुमारास या प्रश्नासाठी नेमलेल्या विजरी आयोगाचा अहवाल आला. प्रत्यक्ष स्थापना मात्र ३० एप्रिल १९४९ ची. दुसऱ्याच दिवशी, १ मे ला, बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. हा एका दिवसाचा फरक महत्त्वाचा आहे, कारण विद्यापीठ संस्थानाच्या स्वतःच्या कायद्यानं जन्मलं आणि स्वतःची रचना घेऊनच आधी मुंबई राज्यात आणि १९६० मधे गुजरातमधे आलं. एकाच शहरातलं, सगळ्या फॅकल्ट्या हाकेच्या अंतरावर असलेलं, इंग्रजीतून शिकवणारं, दूरदूरची कॉलेजं जोडून न घेणारं. माणसं रोज एकमेकांना भेटतील अशी ही रचना टीमला सोयीची होती हे मान्य करावंच लागतं.

पहिल्या कुलगुरू हंसा मेहता, १९४९ ते १९५८. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या, संविधान सभेच्या सदस्य, आणि मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात "सर्व पुरुष" ऐवजी "सर्व माणसं" असा शब्द यावा म्हणून आग्रह धरणाऱ्या त्याच. त्यांच्या काळात होम सायन्स, सोशल वर्क आणि १९५० मधे फाइन आर्ट्स अशा, त्या काळी विद्यापीठात शोभतील का अशी शंका घेतली जायची त्या फॅकल्ट्या उभ्या राहिल्या. फाइन आर्ट्सला मार्कंड भट्ट डीन होते, चित्रकलेला नारायण श्रीधर बेंद्रे (इंदूरचे, देवळालीकरांच्या हाताखाली शिकलेले), शिल्पाला शांतिनिकेतनचे शंखो चौधुरी, आणि लगेच १९५१ मधे के. जी. सुब्रमण्यन आले. म्हणजे एकाच घराण्याची माणसं घेतली नाहीत, इंदूर-मुंबईचं वळण आणि शांतिनिकेतनचं वळण एका आवारात सोडलं. टीम बांधताना सगळे एका मताचे घ्यावेत की नाही या जुन्या वादात बडोद्याचं हे उदाहरण वेगळ्या वळणाची माणसं घ्यावीत या बाजूनं वजनदार ठरतं. पुढे साठीच्या दशकाच्या सुरुवातीला फाइन आर्ट्सची जत्रा सुरू झाली, तिच्यात शिक्षक आणि विद्यार्थी बरोबरीनं बसून खेळणी करायचे, आणि पदाची उतरंड काही दिवस बाजूला राहायची. गुलाम मोहम्मद शेख, ज्योती भट्ट ही याच फॅकल्टीत घडलेली चित्रकारांची पिढी.

तरीही, काम करायच्या पद्धतीचं मूळ शोधायचं तर प्राच्यविद्या मंदिराकडे (ओरिएंटल इन्स्टिट्यूट) बघावं असं आम्हाला वाटतं, आणि या भागाची माहिती जास्त असल्यामुळे तो इथे जरा विस्तारानं येतोय. सेंट्रल लायब्ररीच्या संस्कृत विभागातून साधारण १९१५ पासून गायकवाड ओरिएंटल सीरिज सुरू झाली, १९२७ मधे स्वतंत्र इन्स्टिट्यूट झाली आणि १९४९ मधे ती विद्यापीठात आली. १९५१ मधे वाल्मीकि रामायणाच्या चिकित्सक आवृत्तीचं (अनेक हस्तलिखितं ताडून पाठ ठरवलेल्या आवृत्तीचं) काम हाती घेतलं गेलं, सात खंड १९६० ते १९७५ मधे छापून झाले. काम कसं चालायचं हे बघण्यासारखं आहे. हस्तलिखितं शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ (तमिळ मुलखातली जुनी लिपी), मल्याळम अशा लिप्यांतली, एका माणसाला सगळ्या वाचता येणं जवळजवळ अशक्यच, त्यात नेपाळचं एक तर इ.स. १०२० च्या सुमाराचं. अशा कामात एक श्लोक वर लिहून त्याखाली प्रत्येक हस्तलिखिताला एक ओळ द्यायची, आणि जिथे अक्षर वेगळं असेल तिथे ते त्याच अक्षराखाली उतरवायचं, ही पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारतासाठी रुळलेली रीत. असा ताव समोर आला की संपादकाचं मत कितीही वजनदार असो, खालच्या ओळीत मल्याळम वाचणाऱ्या शास्त्रीबुवांनी उतरवलेला पाठ सगळ्यांना दिसतो, आणि तो नाकारायचा तर कारण छापावं लागतं. ज्येष्ठाला अडवायची ताकद कनिष्ठाला पदानं मिळत नाही, ती त्या तावानं मिळते.

सात कांडांना संपादक सहा. बालकांड गो. ह. भट्ट, अयोध्या आणि युद्ध ही दोन्ही प. ल. वैद्य, अरण्य दिवाणजी, किष्किंधा मांकड, सुंदरकांड जी. सी. झाला, उत्तरकांड उमाकांत शाह. हे सगळे काही बडोद्यात एका टेबलाशी बसलेले नव्हते, वैद्य पुण्याचे, झाला मुंबईचे, आणि डोलरराय मांकड तर काम चालू असतानाच्याच दशकात सौराष्ट्र विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. माणसं बदलली, गावं वेगवेगळी, वीस वर्षांच्या वर काळ गेला, तरी आवृत्ती एकसंध राहिली, कारण पाठ निवडायचे नियम आधी ठरलेले होते आणि कुठलाही नवा संपादक मागच्याचे ताव उघडून तिथून पुढे जाऊ शकत होता. आज ज्याला टीमची स्मृती म्हणतात ती ही. काही अभ्यासक या यशाचं श्रेय मुख्य संपादकांच्या विद्वत्तेला देतात, विद्वत्ता होतीच, पण तेवढीच विद्वत्ता असूनही अर्धवट राहिलेली कामं आपल्याकडे कमी नाहीत.

सध्याचं चित्र. रोजच्या व्यवहारात विभागाची टीम दिसते ती वर्कलोड, टाइमटेबल आणि पेपरसेटिंग यांत. कुणाला सकाळचं पहिलं लेक्चर, कुणाला एमएचा आवडता पेपर, कुणाकडे प्रॅक्टिकलच्या तीन बॅचेस, यावरून जितकं बिनसतं तितकं मोठ्या धोरणांवरून बिनसत नाही. जाणते हेड हे वाटप सगळ्यांसमोर फळ्यावर मांडून करतात, केबिनमधे एकेकाला बोलावून करत नाहीत. बडोद्यात भाषेचाही एक पदर आहे. मिनिट्स इंग्रजीत, चर्चा गुजरातीत, एकमेकांना हाक भाई किंवा बेन लावून, आणि मीटिंग सुटल्यावर दांडिया बाजार-रावपुऱ्याकडचे दोन मराठी प्राध्यापक चहाला मराठीतच बोलणार. यात गैर काही नाही, पण केरळहून नवीन आलेल्या मॅडम शेजारी उभ्या असतील आणि पुढच्या सेमिस्टरचं खरं ठरणं त्या चहावर होत असेल तर त्या टीमबाहेरच राहतात. असं ठरलेलं परत मीटिंगमधे आणून, सगळ्यांना कळेल अशा भाषेत मिनिट्समधे घालणं हे हेडचं काम आहे आणि ते मनापासून करणारे हेड विभागाला लक्षात राहतात.

नॅकच्या (उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था) सात निकषांपैकी सहावा निकष प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापनाचा आहे, त्यामुळे आयक्यूएसीच्या (विद्यापीठातल्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या) फायली भरताना प्रत्येक विभागाला आपण निर्णय कसे घेतो हे लिहून द्यावं लागतं. लिहिण्यामुळे थोडी शिस्त येते हे खरं, तरी फाइल भरायचं काम बहुतेक वेळा सगळ्यात नवीन शिक्षकाच्या गळ्यात पडतं आणि हंगामी नेमणुकीवरच्या माणसाला नाही म्हणणं अवघड जातं. टीममधे बरोबरीची भाषा करायची तर ही वाटणी आधी सुधारायला हवी.

गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०२३ आल्यावर एमएसची जुनी सेनेट आणि सिंडिकेट गेली आणि बोर्ड ऑफ मॅनेजमेंटसारखी मंडळं आली. निवडून आलेल्या सेनेटमुळे गटबाजी वाढायची असं एक मत, तर शिक्षकांना आणि माजी विद्यार्थ्यांना बोलायची एकमेव जागा तीच होती असं दुसरं. दोन्हीत तथ्य आहे, दुसरं थोडं जास्त. विभागाची मीटिंग मात्र दोन्ही व्यवस्थांत तीच राहिली, आणि वर्कलोडचा कागद अजून तिथेच ठरतो.